नावडीच्या पायऱ्या

‘नावडतीचें मीठ अळणी’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. परंतु त्या मिठाला अळणी म्हणावयाचें तें कोणत्या शब्दांत, हें कोणत्याही शाळेंत शिकवीत नाहींत. परकी भाषा शिकविणारीं पुस्तकें मोठीं गोडबोलीं असतात. त्यांतल्या रामाला आंबा आवडतो, सीतेला फुलें आवडतात आणि धड्याच्या शेवटीं सर्वांना शाळाही आवडते. आम्हीं स्वतः तीसांहून अधिक वर्षें मुलांना संस्कृत व इंग्रजी शिकविलें. परंतु ‘मला हें मुळींच सोसवत नाहीं’ हें वाक्य इंग्रजींत कसें म्हणावें, तें एकाही वर्गाला शिकविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आणि परक्या गांवीं माणसाला भाषेची खरी निकड लागते ती बहुधा नेमकी अशाच वेळीं. ही उणीव आमच्या ध्यानांत आणून दिली ती एका चिनी आजीबाईंनीं. त्यांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

गतवर्षीं आम्ही सहकुटुंब कन्येकडे सिंगापुरास दोन महिने होतों. तेथील सरकारी वसाहतींच्या इमारतींचा तळमजला बहुधा मोकळा सोडलेला असतो. तेथें दगडी मेजें असतात, त्यांभोंवतीं बैठकी असतात, आणि एखाद्या मेजावर बुद्धिबळाचा पटही आंखलेला आढळतो. नातवंडें शाळेस गेलीं कीं नाना जातींचे व नाना भाषांचे आजीआजोबा तेथें येऊन बसतात. मलाय, चिनी, तमिळ व इंग्रजी या चार त्या राज्याच्या अधिकृत भाषा होत. पण शाळांचें माध्यम इंग्रजी. त्यामुळें नातवंडें आपसांत इंग्रजी बोलतात आणि आजीआजोबांना त्यांतलें निम्मेंच कळतें. हें दुःख मात्र सर्व जातींस समान आहे.

आमच्या मेजावर येणाऱ्या बाई मूळच्या चीनमधील सछ्वान प्रांतांतल्या, छंग्तू शहरच्या. मुलगा व सून नोकरीनिमित्त सिंगापुरास आलीं, तेव्हां सहा वर्षांच्या नातवाला सांभाळण्यासाठीं त्याही आल्या. साठी उलटलेली, सारें आयुष्य तिकडे प्राथमिक शाळेंत शिकविण्यांत गेलेलें. आम्हीही मास्तर होतों हें कळतांच त्यांनीं आम्हांला ‘लाओ-शी’ म्हणावयास आरंभ केला. ‘लाओ’ म्हणजे वृद्ध व ‘शी’ म्हणजे गुरु. पण वयाचा आतां या शब्दाशीं संबंध उरलेला नाहीं, पंचविशींतल्या शिक्षकालाही चिनी मुलें हेंच म्हणतात. आम्हीही त्यांना ‘लाओ-शी’ म्हणूं लागलों. दोघांचें इंग्रजी मोडकें, त्यामुळें संभाषण मोठें सावकाश चाले. आणि सावकाश चालल्यामुळेंच प्रत्येक शब्द नीट पाहून घेतां येई.

एके दिवशीं बाई आल्या त्या डोळे सुजवून. हातांत कोश होता. आदल्या सकाळीं त्यांनीं नातवासाठीं तांदळाची पेज केली होती. चिनी लोक हिला ‘चौ’ म्हणतात. इंग्रजींत तिला ‘कॉन्जी’ म्हणतात, आणि तो शब्द तमिळांतल्या कांजीवरून गेलेला आहे. तेव्हां ही पेज आपल्याही ओळखीचीच. मुलानें वाटी दूर सारली व म्हटलें, “आय हेट धिस!” बाईंनीं आग्रह केला, तशी तो ओरडला, “आय हेट यू, नाय-नाय!” बापाच्या आईला चिनी मुलें ‘नाय-नाय’ म्हणतात. मूल शाळेंत गेलें आणि दुपारीं गाणें म्हणत परतलें. पण मध्यंतरीं बाईंनीं कोश उघडला होता. त्यांत ‘हेट’ या शब्दापुढें एकच चिनी अक्षर होतें : ‘हन्’. त्या रात्रीं त्यांच्या घशाखालीं घास उतरला नाहीं. “माझ्या मुलानें मला ‘हन्’ म्हटलें असतें, तर मी त्याच दिवशीं घर सोडून गेलें असतें. मी त्या पोराचें काय वाईट केलें, लाओ-शी?” त्यांनीं आम्हांस विचारलें.

आतां हें ‘हन्’ अक्षर साधें नव्हे. त्याच्या डाव्या अंगास हृदयाचें चिन्ह आहे. जुन्या चिनींत त्याचा अर्थ द्वेषापेक्षां खंत, म्हणजे जन्मभर मनांत राहून गेलेली सल, असा अधिक. इ. स. 806 मध्यें बाय च्यू-यी या कवीनें तांग वंशांतला सम्राट श्वान-त्सुंग व त्याची प्रिया यांग क्वे-फै यांच्या वियोगावर काव्य लिहिलें, त्याचें नांव ‘छांग-हन्-ग’, म्हणजे चिरंतन खंतीचें गीत. आजच्या बोलींत ‘हन्’ म्हणजे द्वेष. परंतु तो खऱ्या वैऱ्याचा, ज्यानें आपलें घर बुडविलें त्याच्याविषयींचा. पेजेच्या वाटीला कोणी ‘हन्’ लावीत नाहीं. तिच्यासाठीं ‘बू शी-ह्वान’ म्हणजे नावडतें, किंवा फार तर ‘थाओ-येन’ म्हणजे वीट आला, एवढें पुरतें.

उलट इंग्रजींतला ‘हेट’ पाहा. तोही मुळांत जडच शब्द, आणि खऱ्या वैराविषयीं बोलतांना आजही तो जडच असतो. परंतु घरगुती व्यवहारांत तो जुन्या नाण्यासारखा हातोहात फिरून गुळगुळीत झाला आहे. इंग्रजी मुलें गाजराला ‘हेट’ करतात, पावसाला करतात, सोमवारच्या सकाळीला करतात. एखादा सभ्य गृहस्थ आपल्या दारीं येऊन ‘आय हेट टु ट्रबल यू’ म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत द्वेषाचा लेशही नसतो. तसदी द्यावयाचा संकोच तेवढा असतो. बाईंच्या लहानशा कोशानें या शब्दाचें सर्वांत जड वजन तेवढें दिलें आणि हलकीं वजनें सांगितलीं नाहींत, हाच सारा घोटाळा.

आम्हीं म्हटलें, “बाई, नातवानें तुम्हांला ‘हन्’ म्हटलेलेंच नाहीं. तो म्हणाला तें ‘थाओ-येन’.” त्यासरशीं बाई ओल्या डोळ्यांनीं हंसल्या. कारण हा शब्द चिनी तरुणी स्वर लांबवून आपल्या आवडत्या माणसालाही लाडानें म्हणतात. आपल्याकडे ‘चल, मेल्या’ म्हणतात तसा. परंतु मास्तरकीच्या संवयीनें आम्हांला पुढचेंही सांगावें लागलें. वस्तूवर पडलेला ‘हेट’ हलका असतो. माणसावर पडलेला तितका हलका नसतो. ‘आय हेट यू’ हें वाक्य चांगल्या इंग्रजी घरांतही मुलाला खपवून देत नाहींत. तेव्हां पोराला समज द्यावयास हवी, परंतु ती रडून नव्हे, दुसरा शब्द हातीं देऊन.

त्या दिवसापासून आमच्या मेजावर नावडीच्या शब्दांची शाळा सुरू झाली. आम्हीं बाईंना एक जिना काढून दिला. पहिली पायरी ‘आय अॅम नॉट व्हेरी फाँड ऑफ इट’. ही सभ्य माणसाची नावड. शब्द मऊ, अर्थ मात्र पुरेसा स्पष्ट. चिनींतही ‘बू थाय शी-ह्वान’, म्हणजे ‘फारसें आवडत नाहीं’, असें म्हणून पाहुणा पुष्कळ कांहीं सांगून टाकतो. म्हणून ही पायरी बाईंना लगेच उमगली. दुसरी ‘डिस्लाइक’, हा कोरडा, कागदावर अधिक शोभणारा शब्द. तिसरी ‘कान्ट बेअर’ व ‘कान्ट स्टँड’, म्हणजे सोसवत नाहीं. चवथी ‘हेट’. पांचवी ‘डिटेस्ट’ व ‘लोद’. येथें किळस व तिटकारा येतो. सर्वांत वर ‘अॅबहॉर’ व ‘अॅबॉमिनेट’. हे शब्द अन्याय, क्रौर्य, विश्वासघात असल्या गोष्टींसाठीं राखून ठेवावे. पेजेच्या वाटीवर ‘अॅबहॉर’ घालणें म्हणजे झुरळावर तोफ डागणें होय.

जिना सांपडला तरी त्यावर पाय घसरण्याच्या जागा असतात, आणि चिनीभाषकांच्या जागा आपल्याहून निराळ्या आहेत. बाई प्रथम म्हणत, “आय व्हेरी हेट.” याचें मूळ मोठें गमतीचें आहे. चिनींत ‘अतिशय’ या अर्थाचा शब्दही ‘हन्’ असाच आहे. फरक केवळ सुराचा. ‘अतिशय’ म्हणतांना स्वर खालीं उतरून वर चढतो, ‘द्वेष’ म्हणतांना तो उंचावरून एकदम खालीं पडतो. लिहितांना दोन्ही अक्षरांचें उजवें अंगही एकच. तेथें ‘हन् हन्’ असें ओळीनें म्हणतां येतें व तें शुद्ध असतें. इंग्रजींत मात्र ‘व्हेरी’ हा शब्द क्रियापदाला चिकटत नाहीं. ‘आय रिअली हेट’ म्हणावें, ‘आय अॅब्सोल्यूटली डिटेस्ट’ म्हणावें. आणि ‘डिस्लाइक’ला जोर द्यावयाचा तर ‘स्ट्राँगली’ जोडावें.

दुसरी जागा ‘थाओ-येन’चीच. हा शब्द चिनींत क्रियापदही आहे व विशेषणही आहे. ज्याला वीट येतो त्याच्याकडेही तो लागतो आणि ज्याचा वीट येतो त्याच्याकडेही लागतो. इंग्रजींत या दोन माणसांना दोन निराळीं रूपें : ज्याला किळस आली तो ‘डिस्गस्टेड’ व ज्याची आली तो ‘डिस्गस्टिंग’. बाई एकदां बाजारांतल्या कुजक्या माशांविषयीं बोलतांना “आय अॅम डिस्गस्टिंग” म्हणाल्या, आणि माशांचा दोष विनाकारण स्वतःच्या माथीं घेत्या झाल्या.

तिसरी जागा वाक्याच्या बांधणीची. “आय हेट पीपल टॉक लाउडली” असें वाक्य चिनी रचनेप्रमाणें सहज येतें. इंग्रजीला मध्यें एक रिकामें सर्वनाम लागतें : ‘आय हेट इट व्हेन पीपल टॉक लाउडली’. हें ‘इट’ म्हणजे काय, असें बाईंनीं विचारलें. आम्हीं सांगितलें, तो पाट आहे. त्यावर पुढचें सारें वाक्य येऊन बसतें. आणि नावडतें काम सांगावयाचें असेल तेव्हां क्रियापदाचें ‘इंग’कारान्त रूप वापरावें : ‘आय हेट वेटिंग’, ‘आय डिटेस्ट वेटिंग’, ‘आय कान्ट स्टँड वेटिंग’. जिन्याच्या दुसऱ्या पायरीपासून पांचवीपर्यंत हें एकच रूप चालतें, म्हणून शिकणाऱ्यानें निःशंकपणें तेंच धरावें.

‘कान्ट स्टँड’ ही पायरी बाईंना सर्वांत आवडली. कारण चिनींत तिची सख्खी बहीण आहे : ‘शौ-बु-ल्याओ’. ‘शौ’ म्हणजे सोसणें, ‘बु’ म्हणजे न, ‘ल्याओ’ म्हणजे शेवटास नेणें. सोसून शेवटास नेववत नाहीं. परंतु अर्थ सोपा तेथें उच्चारानें दगा दिला. चिनी शब्दावयवाच्या शेवटीं स्वर तरी येतो, नाहीं तर ‘न्’ किंवा ‘ङ्’ सारखा अनुनासिक वर्ण येतो. ‘ट्’ कधींच येत नाहीं. म्हणून ‘कान्ट’चा ‘ट्’ जिभेवरून निसटतो. बाईंच्या वरच्या मजल्यावरील एक तरुण भाडेकरू रोज रात्रीं यंत्र लावून मोठ्यानें गात असे. बाई धीर करून वर गेल्या व शिकविल्याप्रमाणें म्हणाल्या कीं, तुमचें गाणें मला सोसवत नाहीं. ‘ट्’ निसटला, आणि त्या भल्या गृहस्थानें ऐकलें कीं, गाणें सोसतें. त्यानें आभार मानले, आणि त्या रात्रीं दोन गाणीं अधिक म्हटलीं! दुसऱ्या दिवशीं आम्हीं बाईंना सांगितलें कीं, जेथें एका ‘ट्’वर सारा अर्थ टांगलेला असतो तेथें ‘कॅनॉट’ हें पूर्ण रूप वापरावें. तें थोडें औपचारिक वाटतें. परंतु त्यांतला नकार मधल्या स्वरावर उभा असल्यामुळें पडत नाहीं. बाई पुन्हां वर गेल्या. तरुण ओशाळला, व तेव्हांपासून नऊनंतर गाणें बंद झालें.

शिकवितां शिकवितां आम्हांलाही कांहीं मिळालें. ‘थाओ-येन’ मधील ‘येन’ या अक्षराचा मूळ अर्थ ‘पोट भरणें, तृप्ति होणें’ असा आहे. पोट भरल्यावरही पुढें वाढीत राहिलें कीं जें होतें तो वीट. इंग्रजींत याच अवस्थेला ‘फेड अप’ म्हणतात, म्हणजे कंठापर्यंत जेवलेला. आणि आपणही ‘अति झालें’ म्हणून पान दूर सारतों. तीन भाषा तीन दिशांच्या, पण पोट सर्वांचें एक. ‘डिटेस्ट’चें मूळ लॅटिन; देवाला साक्षी ठेवून शाप देणें हा त्याचा पूर्वार्थ. ‘अॅबॉमिनेट’ म्हणजे अपशकुन समजून पाठ फिरविणें. आणि ‘अॅबहॉर’ म्हणजे अंगावर कांटा येऊन मागें सरणें. यांतील लॅटिन धातु व आपला संस्कृत ‘हृष्’ धातु हे भाऊ आहेत असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. अंगावरचा केंस उभा राहणें हा दोहोंचा मूळ अर्थ. त्याच रोमांचांतून लॅटिनास भय सुचलें व आपणांस हर्ष सुचला.

आपली ‘जुगुप्सा’ही पाहण्यासारखी आहे. ‘गुप्’ म्हणजे रक्षण करणें; त्याचें हें इच्छार्थक रूप. किळस म्हणजे स्वतःला जपावयाची इच्छा, असें या रूपावरून म्हणतां येईल. म्हणून तिच्याबरोबर पंचमी येते, पापापासून जुगुप्सा. ‘घृणा’ तर संस्कृतांत दयाही होते, आणि म्हणूनच दयाहीन माणसाला आपण आजही निर्घृण म्हणतों. चिनींतही एक अक्षर असें दुहेरी आहे. ‘अ’ असें वाचलें तर त्याचा अर्थ ‘वाईट’, आणि ‘वू’ असें वाचलें तर ‘वाइटाचा द्वेष’. बाईंनीं सांगितलें कीं, कन्फ्यूशियसाच्या संवादांत सज्जनालाही नावडी असतात काय असा प्रश्न एका शिष्यानें केलेला आहे, आणि गुरूनें होकार देऊन नावडीची यादी दिली आहे. दुसऱ्याचीं उणीं बोलत फिरणारा माणूस त्या यादींत अग्रभागीं आहे. तेव्हां नावडणें हा दोष नव्हे. दोष आहे तो चुकीच्या पायरीवर उभें राहण्यांत.

येथें एक गोष्ट आम्हांला सांगितली पाहिजे, जी आम्हीं घरांतही फारशी कोणाला सांगितलेली नाहीं. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्या आठवीच्या वर्गांत एक मुलगा होता. बुद्धि तल्लख, पाठांतर उत्तम, पण अभ्यासाचा आळस. एकदां लागोपाठ तिसऱ्या दिवशीं तो धातुरूपें न करतां आला, तेव्हां भर वर्गांत आम्ही म्हणालों, “तुझी मला किळस येते.” आम्हांला म्हणावयाचें होतें तें ‘चीड’. जन्मभर शब्द तोलून पोट भरणाऱ्या माणसानें ऐन वेळीं चुकीचें वजन पारड्यांत टाकलें. चीड कामाची येते, किळस माणसाची येते; हा भेद त्या मुलाला आमच्याहून अधिक कळला. त्यानें उत्तर दिलें नाहीं. पुढल्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. पुष्कळ वर्षांनीं एका लग्नांत तो भेटला. वांकून नमस्कार केला, आग्रहानें वाढलें. तोही कांहीं बोलला नाहीं आणि आम्हीही बोललों नाहीं.

हें आम्हीं बाईंना सांगितलें. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे एक म्हण आहे : ‘हन् थ्ये बू छंग कांग’.” थ्ये म्हणजे लोखंड व कांग म्हणजे पोलाद. लोखंडाचें पोलाद होत नाहीं म्हणून लोखंडावर ‘हन्’. आपल्या मुलानें किंवा विद्यार्थ्यानें व्हावें तसें झालें नाहीं म्हणजे आईबापांना व गुरूला जें वाटतें, त्याला चिनी लोक असें म्हणतात. अक्षर तेंच, बाईंना रात्रभर रडविणारें. पण त्याच्या पोटांत येथें माया आहे. आम्हांला बरें वाटलें. आम्ही म्हणालों, “म्हणजे आमचें म्हणणें तुमच्या म्हणींत बसतें तर.”

बाईंनीं मान हलविली. “म्हण खरी आहे. मीही चाळीस वर्षें वर्गांत तीच म्हणत आलें. पण लोखंडाला त्यांतलें पहिलेंच अक्षर ऐकूं येतें, लाओ-शी.”

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. ज्या घरांत चार पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें दिवसांतून दहा वेळां कोणाला तरी कांहीं तरी नावडतें. सुनेला सासूची आमटी नावडते, आजोबांना नातवाचें गाणें नावडतें. नावड गिळून टाकावी असा उपदेश आम्ही करणार नाहीं; गिळलेली नावड पुढें केव्हां तरी नको त्या शब्दाच्या रूपानें ओकली जाते. बोलावें, परंतु पायरी पाहून बोलावें. आणि पदार्थाला लावावयाचा शब्द माणसाला लावूं नये.

निघावयाच्या आदल्या दिवशीं बाई नातवाला घेऊन आमच्या मेजापाशीं आल्या. पोरानें हात मागें बांधून, पाठ केलेलें म्हणून दाखविलें, “आय अॅम नॉट व्हेरी फाँड ऑफ पॉरिज, नाय-नाय.” आम्हीं शाबासकी दिली. पेज तो अजूनही खात नाहीं, असें बाईंनीं हंसत सांगितलें.

घरीं परतल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला असून एक पत्र लिहावयास घेतलें आहे. फार मोठें नाहीं. पण त्यांतल्या पहिल्या वाक्याचा शब्द आम्ही अजून तोलून पाहत आहों.